व्हिशावरचा ‘01’ आणि चहाचा हिशेब

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. त्यांचं वय 61, यजमान 66 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलानं आणि सुनेनं दोघांसाठी सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे. विमानानं अथेन्सला जायचं आणि पिरेयस बंदरातून जहाजात चढायचं. मग मायकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, ऱ्होड्स, क्रीट, सँटोरिनी आणि परत पिरेयस. निघायचं आहे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे अजून नऊ आठवडे हातात आहेत. दोघांनी समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याचा. परदेशाची ही पहिलीच वेळ.

ग्रीसचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या 29 देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागून पासपोर्ट घरी आले. स्टिकरवर एका ठिकाणी ‘01’ असं छापलंय. “आम्हाला वाटलं, माणशी एक.” शेजारच्या मुलीनं वाचून सांगितलं की हा एकदाच प्रवेश करण्याचा परवाना आहे. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, “जहाजावरच असता ना, काळजी करू नका.” यजमान म्हणतात, तुर्कस्तानात उतरायचंच नाही, खोलीत बसून राहू. दुसरी काळजी पैशांची. जहाजावर रोख चालत नाही म्हणे. यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, पेन्शनच्या खात्याचं रूपे डेबिट कार्ड आहे. मुलगा म्हणतो, “माझं कार्ड जोडून देतो, काय हवं ते खा-प्या.” बाई लिहितात, “मी तिथे चहा घेतला की पुण्यात त्याच्या फोनवर मेसेज वाजणार. सून काही बोलणार नाही, पण मला तो चहा गोड लागणार नाही. सगळं पॅकेजमध्ये आहेच, तर आम्ही वर काही घेतलंच नाही तर कार्ड लागेलच कशाला?” ताजा कलम असा: सोबत विजेची छोटी किटली आणि डिंकाचे लाडू नेले तर चालतील का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत. त्यातलं शेजारच्या मुलीचं बरोबर आहे. तिला आधी एक लाडू द्या.

‘जहाजावरच असता ना’ या एजंटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्या बहुतेकांची समजूत हीच असते. जहाज म्हणजे एक तरंगतं हॉटेल, त्यात बसलं की आपण कुठल्याच देशात नसतो, मग व्हिसा खिडकीतून दिसणाऱ्या देशाचा कशाला? समुद्राच्या मधोमध हे बऱ्यापैकी खरं आहे. पण जहाज धक्क्याला लागलं की त्या देशाचे अधिकारी, त्या देशाचा कायदा आणि प्रवाशांची यादी, सगळं सुरू होतं.

तुमचा प्रवास बोटांवर मोजून पाहा. अथेन्सच्या विमानतळावर उतरलात की शेंगेनमधला पहिला प्रवेश झाला. मायकोनोस ग्रीसमध्येच, तिथे नवं काही नाही. पुढे जहाज कुशादासीला निघालं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, कारण तुर्कस्तान त्या 29 देशांत नाही. तिथून ऱ्होड्सला आलात की पुन्हा ग्रीस, म्हणजे पुन्हा शेंगेन. हा झाला दुसरा प्रवेश, आणि तुमच्या स्टिकरवर परवानगी आहे एकाची. यजमान कुशादासीला खोलीत बसून राहिले तरी जहाज काही त्यांच्यासाठी मायकोनोसला थांबणार नाही. अडचण तुर्कस्तानात उतरण्याची नाहीच, ग्रीसला परतण्याची आहे.

यावर कुणी म्हणेल, ऱ्होड्सलाही उतरू नका, क्रीटलाही नको. मग शेवटी पिरेयसला उतरणार कसे? घरी तर यायचंय.

शिवाय हा वाद ऱ्होड्सपर्यंत पोचतच नाही. पिरेयसला चढतानाच जहाज कंपनीचे लोक पासपोर्ट उघडून व्हिसा बघतात. प्रवाशाची कागदपत्रं अपुरी निघाली तर पुढच्या बंदरात त्रास कंपनीला होतो, म्हणून ते आधीच नाही म्हणतात. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, आणि त्यापायी चढू दिलं नाही तर पैसे परत नाहीत, हे कलम जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये असतं. चाळीस वर्षांच्या संसाराची भेट धक्क्यावरूनच टाटा करून गेली, असं व्हायला नको.

मग करायचं काय? आज करायची गोष्ट एकच. मुलाला सांगून जहाज कंपनीला ईमेल पाठवा. प्रवासाचा क्रम, तुमचं भारतीय नागरिकत्व आणि स्टिकरवरचा ‘01’ हे तिन्ही त्यात लिहा आणि दोन प्रश्न विचारा: आम्हाला किती प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागेल? आणि कुशादासीसाठी तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा लागेल का? उत्तर लेखी घ्या. फोनवर मिळालेलं ‘हो हो, चालतं’ धक्क्यावर कुणाला दाखवता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन किंवा अनेक’ असं येणार, हे धरून चाला आणि नव्या व्हिशाच्या तयारीला लागा. छापलेल्या स्टिकरवर आकडा बदलून मिळत नाही. त्याच दूतावासाकडे नव्यानं अर्ज करावा लागतो. जुना व्हिसा रद्द करावा अशी विनंती स्वतः व्हिसाधारक करू शकतो, तीही सोबत जोडा. फी पुन्हा भरावी लागेल. जून 2024 पासून ती मोठ्या माणसाला 90 युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. दोघांचे मिळून वीसेक हजार रुपये जातील. जिवाला लागेल, पण क्रूझ आणि विमानाचे पैसे डोळ्यांसमोर आणा. अर्जावर निर्णय साधारण 15 दिवसांत व्हायचा असतो, काही प्रकरणांत तो 45 दिवसांपर्यंत लांबतो. नऊ आठवड्यांत दोन्ही बसतं, मात्र मुंबईतली अपॉइंटमेंट मिळवण्यात पंधरा दिवस घालवले नाहीत तर.

तुमचा पहिला अर्ज कुठे चुकला असेल, याचा मला अंदाज आहे. अर्जात ‘किती प्रवेश हवेत’ असा रकानाच असतो. घाईत तिथे ‘एक’वर खूण होते आणि सोबत अथेन्सचं विमान आणि हॉटेल एवढंच जोडलं जातं. वाचणाऱ्या अधिकाऱ्यानं जे मागितलं ते दिलं, त्याचा काय दोष? या वेळी क्रूझच्या बुकिंगचा कागद, ज्यात कुशादासी आणि ऱ्होड्सच्या तारखा दिसतात तो, सगळ्यात वर लावा. एका साध्या पत्रात चार ओळी लिहा: अमुक तारखेला शेंगेनबाहेर जातोय, अमुक तारखेला परत येतोय, म्हणून एकाहून जास्त प्रवेश हवेत. इतकी वर्षं फळ्यावर लिहून दिलंत, हेही सहज लिहाल. एजंटवर रागवायला हरकत नाही, पण अर्ज या वेळी स्वतः वाचून मगच सही करा.

विम्याचाही कागद काढून बघा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो तुम्ही घेतला असणारच. पण काही पॉलिसी फक्त शेंगेन देशांपुरत्या असतात. कुशादासीच्या धक्क्यावर पाय मुरगळला तर तो तुर्कस्तानात मुरगळलेला पाय आहे. जहाजावरचा दवाखानाही फुकट नसतो. तिथल्या डॉक्टरनं नुसतं तपासलं तरी त्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि विम्याचे पैसे मागाहून घरी येऊन मागायचे असतात. म्हणून पॉलिसीत तुर्कस्तान आणि समुद्रप्रवास हे दोन्ही धरलेत का, ते विचारा. दोघांच्या रोजच्या गोळ्या असतील तर पुरून उरतील एवढ्या घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा चढताना वेगळ्या जातात आणि कधीकधी संध्याकाळी खोलीवर येतात.

तुर्कस्तानच्या व्हिशाचं थोडक्यात सांगते. बंदराच्या शहरात फिरायला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीनं 72 तासांपर्यंत व्हिशातून सूट मिळू शकते. आणि चालू शेंगेन व्हिसा हातात असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो. सूट ‘मिळू शकते’ आणि ‘मिळते’ यांत फरक आहे, म्हणून कंपनी सांगेल तसं करा. आणि हो, उतरा! कुशादासीहून इफेससचे भग्नावशेष अर्ध्या तासावर आहेत. खोलीत बसून राहायला तिकडे कशाला जायचं?

एक इशारा मात्र सगळ्याच वाचकांसाठी. क्रूझबद्दल यूट्यूबवर जे भरभरून दिसतं, त्यातलं पुष्कळसं अमेरिकन नागरिकांनी अमेरिकन नागरिकांसाठी केलेलं असतं. ‘आम्हाला तर पासपोर्टही लागला नाही’ असं एखादा हसत सांगतो, ते त्याच्या बाबतीत खरंही असतं, कारण अमेरिकेतून निघून तिथेच परतणाऱ्या काही फेऱ्यांना त्यांच्या नागरिकांना तशी सवलत आहे. आपल्या निळ्या पासपोर्टला त्याचा काडीचा उपयोग नाही. सल्ला कसलाही असो, देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, हे आधी बघायचं.

बरीच मराठी मंडळी सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझला जातात, त्यांचंही गणित तेच. सिंगापूरला विमानानं उतरलात हा एक प्रवेश, पेनांग किंवा फुकेत करून जहाज परत सिंगापूरला लागलं हा दुसरा. भारतीयांना मिळणारा सिंगापूरचा व्हिसा बहुधा अनेक प्रवेशांचा असतो, तरी कागदावर ते वाचून खात्री करा. सिंगापूरचं आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि परदेशी बंदर करून परत येताना पुन्हा एकदा. मलेशियाचं असंच डिजिटल पत्र आहे, आणि थायलंडनंही 1 मे 2025 पासून ते सक्तीचं केलंय. तिन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट भरता येतात. पैसे मागणारी पानं दलालांची. आणि मुंबई–गोवा–लक्षद्वीप अशी देशातल्या देशात क्रूझ असेल तर व्हिशाचा प्रश्नच नाही, आधारसारखं ओळखपत्र चालतं; लक्षद्वीपला मात्र प्रवेश-परवाना लागतो, त्याचं कंपनीला विचारा.

आणखी एका गोष्टीनं घाबरू नका. काही जहाजांवर चढताना पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. बंदरांची तपासणी एकगठ्ठा उरकावी म्हणून ते करतात. पासपोर्ट दिलात की पावती मागा, आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिशाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा. जमिनीवर उतरताना तीच कामाला येते.

आता चहाकडे वळू.

‘आम्ही काही घेतलंच नाही तर कार्ड लागेलच कशाला’ हा तुमचा प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. आपल्या पिढीनं हॉटेलात आधी मेनूकार्डाची उजवी बाजू वाचली आणि मग डावी. पण जहाजावर काहीच न घेणाऱ्याचंही बिल होतं. कर्मचाऱ्यांसाठीचा सेवाखर्च, ज्याला ते ग्रॅच्युइटी म्हणतात, तो माणशी दर रात्री आपोआप खात्यावर चढतो. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा दर अलीकडे साध्या खोलीला 16 ते 20 डॉलरच्या आसपास असतो, युरोपीय कंपन्यांचा बऱ्याचदा त्याहून कमी. 18 डॉलर धरले तर दोघांचे सात रात्रींचे 252 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर साडेबावीस हजारांवर रक्कम गेली, आणि तुम्ही अजून पाण्याचा घोटही विकत घेतलेला नाही. काही कंपन्या हा खर्च तिकिटातच धरतात, म्हणून मुलाला बुकिंगच्या कागदावर ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द शोधायला सांगा. त्यात नसेल तर आगाऊ भरण्याची सोय असते.

ग्रीसनं 2025 च्या उन्हाळ्यापासून क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचा करही लावलाय. सँटोरिनी आणि मायकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी 20 युरो, ऑक्टोबरात 12; बाकीच्या बंदरांना त्याहून बराच कमी. तो कंपनीमार्फतच वसूल होतो. शेवटच्या रात्री बिलात दिसला तर कुणी फसवलं असं वाटून घेऊ नका.

‘सगळं पॅकेजमध्ये’ म्हणजे काय काय? मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, खोली, नाटक-गाणी, पोहण्याचा तलाव. बाहेर काय? दारू, शीतपेयं, कॅफेतली यंत्राची कॉफी, खास रेस्तराँ, मालिश, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, आणि चढताना हसऱ्या मुलानं काढलेला तुमचा जोडीचा फोटो. भूमध्य समुद्रातल्या काही जहाजांवर रात्रीच्या जेवणाला टेबलावर ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा विकतची असते. झाकण उघडण्याआधी विचारायला लाजू नका. पेयांच्या बिलावर सहसा 18 ते 20 टक्के सेवाखर्च वेगळा लागतो, त्यामुळे पाटीवरचा भाव आणि खात्यावरचा भाव जुळत नाही.

हे सगळं खात्यावर चढतं कसं, तर चढताना तुम्हाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही. आपल्या किराणा दुकानदाराची लाल वही असते ना, तशी. दुकानात कार्ड दाखवायचं, सही करायची, शेवटच्या दिवशी हिशेब. या वहीच्या मागे पैसे कुठून यायचे ते पहिल्या दिवशी सांगावं लागतं: क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड किंवा रोख अनामत. ‘जहाजावर रोख चालत नाही’ हे अर्धंच खरं. दुकानात आणि हॉटेलात रोख चालत नाही, पण बहुतेक कंपन्यांच्या स्वागतकक्षात रोख रक्कम जमा करून खातं उघडता येतं. ती संपत आली की पुन्हा भरायची, उरली तर शेवटी परत. तुमच्यासारख्यांना ही सोय उत्तम आहे, आणि ती कुणी आपणहून सांगत नाही.

पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड मात्र या वहीला बांधू नका. एक तर रूपे कार्ड परदेशी जहाजावर चालेलच याचा भरवसा नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जहाज तुमच्या कार्डावर अंदाजे रक्कम अडकवून ठेवतं, बँकेच्या भाषेत ‘होल्ड’. क्रेडिट कार्डावर अडकते ती बँकेनं दिलेली मर्यादा. डेबिट कार्डावर अडकतात ते तुमचे खरे पैसे. आणि हिशेब मिटल्यावर अडकवलेले पैसे सुटायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. मी स्वतः पहिल्या क्रूझला हाच शहाणपणा केला होता. बिल चुकतं केलं, टेचात बार्सिलोनाला उतरले, आणि विमानतळाकडे जायला पैसे काढायला गेले तर यंत्र म्हणतंय पुरेशी शिल्लक नाही. पैसे होते, पण जहाजाच्या मुठीत. सोबतच्या नगरच्या एका काकूंनी ब्लाऊजमधून वीस युरो काढून दिले. त्यानंतर मी ब्लाऊजच्या खिशाला कधी हसले नाही. फॉरेक्स कार्डाचंही (ज्यात आधीच परकीय चलन भरून ठेवतात ते) होल्डच्या बाबतीत डेबिटसारखंच आहे. ते जमिनीवर खर्चायला चांगलं, जहाजाच्या खात्याला नको.

मुलाचं कार्ड जोडायचं की नाही? व्यवहाराची बाजू आधी. कार्डधारक स्वतः जहाजावर नसेल तर काही कंपन्या कार्ड घेत नाहीत, काही त्याच्या सहीचा फॉर्म आधी मागतात. ‘फोटो काढून पाठवतो, तो दाखव’ हे चालत नाही. त्यामुळे मुलाची सूचना प्रेमाची असली तरी तितकी सोपी नाही.

पण त्याला देता येईल असं दुसरं काही आहे. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून आधीच तुमच्या खोलीच्या नावे ठरावीक रक्कम भेट म्हणून भरता येते. तिला ऑनबोर्ड क्रेडिट म्हणतात. त्याला सांगा, ग्रॅच्युइटी आगाऊ भर आणि वर दीड-दोनशे डॉलर किंवा युरोचं क्रेडिट टाक. त्यानं एकदाच पैसे भरायचे, तुम्ही सात दिवस हवे तसे खर्चायचे. चहाचा मेसेज पुण्यात वाजणार नाही आणि त्याला द्यायचं होतं ते देऊन होईल.

आणि थोडं थांबून विचारते, रागवू नका. तुम्हाला खुपतंय ते मुलाचे पैसे वापरणं, की पाहिलं जाणं? पत्र दोनदा वाचल्यावर मला दुसरं वाटलं. भेट म्हणून लाखांची क्रूझ तुम्ही घेतलीत, आणि अडलात त्या चहाशी. सून काही बोलणार नाही असं तुम्हीच लिहिता, म्हणजे तिच्याबद्दल तक्रार नाही. इतकी वर्षं स्वतःचा पगार स्वतः मोजून खर्च केलेल्या बाईला आपला खर्च दुसऱ्याच्या फोनवर उमटावा हे रुचत नाही, यात गैर काहीच नाही. पण ते मुलाला ‘मला चहा गोड लागणार नाही’ असं आडून कशाला सांगायचं? सरळ सांगा की वरखर्च माझा मी करीन. तो दुखावेल असं तुम्ही धरून चाललाय. कदाचित त्याला सुटल्यासारखंही वाटेल, कारण होल्ड अडकणार होता तो त्याच्या कार्डावर.

स्वतःचं कार्ड हवं असेल तर वयामुळे किंवा पगार नसल्यामुळे मिळणार नाही असं समजू नका. मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका आहेत. ठेव तारण, तिच्या काही टक्के मर्यादा. तुमची ठेव ज्या बँकेत आहे तिथेच या आठवड्यात विचारा, कारण कार्ड हातात यायला वेळ लागतो. व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागा. (हा व्हिसा वेगळा, याला एकदा की दोनदा असं काही नसतं.) कार्ड आलं की अॅपमध्ये जाऊन परदेशातला वापर स्वतः चालू करायचा, रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांपासून नवी कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. हे न केल्यानं स्वागतकक्षात घामाघूम झालेली माणसं मी पाहिली आहेत. परकीय चलनातल्या खर्चावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लावते. आणि यंत्रावर ‘रुपयांत देणार की युरोत’ असं विचारलं तर युरो किंवा जे जहाजाचं चलन असेल ते निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर महाग असतो.

कार्डाची ऑनलाइन नोंदणी घरूनच उरका. ओटीपी सांगलीत येतो, एजियन समुद्रात येईलच असं नाही. जहाज बंदर सोडतानाच फोन फ्लाइट मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह जाळ्याला चिकटतो, आणि आपल्या कंपन्यांचे रोमिंग पॅक बऱ्याचदा त्याला लागू नसतात. कॉल आला नि उचलला नाही, तरी बिल येऊ शकतं.

जमिनीसाठी तीनशे-चारशे युरो रोख पुरतील, त्यात पाच-दहाच्या नोटा मागून घ्या. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, पाण्यातच उभं राहतं आणि छोट्या बोटी माणसांना किनाऱ्यावर नेतात. वाचताना मला माझी आजी आठवली. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकणची बोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि बायका नऊवारी सावरत पडावात उतरायच्या. तसाच पडाव समजा, फक्त इंजिनाचा. पुढे वरच्या गावात जायला केबलकार आहे, गाढवं आहेत आणि पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. केबलकारचे पैसे सुटे ठेवा. गाढवावर बसायचा मोह यजमानांना होऊ देऊ नका.

हिशेब रोज रात्री बघायचा. खोलीतल्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या अॅपवर खातं दिसतं. तुम्ही न घेतलेलं काही चढलं असेल तर त्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन सांगा. इंग्रजी अडलं तर ‘नॉट माइन’ एवढं पुरतं, आणि बोट बिलावर ठेवायचं. शेवटच्या सकाळी तिथे लांबच लांब रांग असते आणि विमान गाठायची घाई. उतरल्यावर तक्रारीचे मेल लिहिण्यात महिने जातात.

राहिली किटली. ती घरीच ठेवा. तापणारी विजेची वस्तू आगीच्या भीतीनं चढतानाच काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. लाडूंचंही तसंच, घरचं मोकळं खाणं बऱ्याच कंपन्या जहाजात घेऊ देत नाहीत. विमानात आणि अथेन्सच्या हॉटेलात संपतील एवढेच करा. शाकाहारी जेवण हवं असेल तर ते बुकिंगवर आत्ताच नोंदवा. आणि टी-बॅगा, साखर, थोडी सुंठ असं पाकीटबंद घेऊन जा. बुफेच्या कोपऱ्यात गरम पाणी बहुतेक जहाजांवर दिवसभर असतं, दूधही मागितलं की देतात. कप भरून घ्या आणि डेकवर या. त्याचे पैसे कुणाच्याच खात्यावर चढत नाहीत.